आधी टवका, मग फिल्म

पुण्याहून साताऱ्याला निघालेली गाडी सारोळ्याच्या पुलावर नीरा ओलांडते आणि खंडाळा तालुक्यात शिरते. लोणावळ्याशेजारचं, सिनेमातल्या गाण्यांतलं ते खंडाळा नव्हे. हे साताऱ्याचं, पारगाव-खंडाळा. शिरवळपासून खंबाटकीच्या पायथ्यापर्यंत महामार्गाच्या दोन्ही अंगांना कारखाने आणि गोदामं. साताऱ्याकडे जाताना घाट चढायचा, पुण्याकडे येताना बोगद्यातून यायचं, ही इथली जुनी रीत. सहापदरीकरण, उड्डाणपूल, जुन्या बोगद्याच्या जोडीला नव्या बोगद्यांचं खोदकाम, असं काही ना काही या पट्ट्यात वर्षानुवर्षं चालत आलं आहे. आणि काम म्हटलं की खडीचे डंपर आलेच. ताडपत्री धड न बांधलेल्या डंपरच्या मागे सापडलं की काचेवर टकटक सुरू होते. काचेवरचा खडा ऐकू येतो, म्हणून लगेच कळतो. बॉनेटच्या पुढच्या कडेवर, बंपरवर, आरशांच्या पाठीवर बसलेले खडे कळतात ते सुट्टीच्या दिवशी गाडी धुताना. पांढऱ्या गाडीवर काळे ठिपके दिसतात, काळ्या गाडीवर पांढरे. रंगाचे टवके उडालेले असतात.

मग कोणीतरी सांगतं, ‘पीपीएफ मारून घ्या.’ पेंट प्रोटेक्शन फिल्म म्हणजे गाडीच्या रंगावर चिकटवायचं पारदर्शक प्लॅस्टिकचं आवरण. नव्या कोऱ्या गाडीवर ती लावावी की नाही, हा फक्त खिशाचा प्रश्न आहे. टवके उडालेल्या गाडीवर लावायची म्हटली की प्रश्न वेगळा होतो, आणि दुकानात तो सहसा अर्ध्या वाक्यात मिटवला जातो: ‘फिल्मखाली सगळं झाकून जातं.’ झाकून जातं हे खरंच. पण फिल्म झाकते, खड्डा भरत नाही. खाली जे असेल ते ती आहे तसं पाच-सात वर्षं धरून ठेवते. खाली गुळगुळीत रंग असेल तर तो, खड्डा असेल तर खड्डा, गंज असेल तर गंज.

टवका उडतो कसा, ते आधी पाहू. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. पुढच्या डंपरमधून निसटलेला पाच ग्रॅमचा खडा रस्त्यावर आपटून उसळतो, क्षणभर जवळजवळ जागच्या जागी तरंगतो आणि आपली गाडी या वेगानं त्याच्यावर जाऊन आदळते. तेव्हाची ऊर्जा भरते सुमारे दोन ज्यूल. दोनशे ग्रॅमचं वजन एक मीटर उंचीवरून सोडलं तर जेवढी भरते तेवढी. आकडा किरकोळ वाटतो, पण ती सगळी ऊर्जा खड्याच्या एका टोकावर, मिलिमीटरभर जागेत उतरते. त्यात आपल्याकडची खडी काळ्या पाषाणाची, बेसाल्टची. क्रशरमधून निघते ती धारदार कडा घेऊनच. ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणून शंभरावरून ऐंशीवर आलात तर तोच खडा एक तृतीयांशाहून जास्त ताकद गमावतो. डंपरपासून अंतर ठेवणं आणि काटा थोडा खाली आणणं ही रंगाची सर्वांत स्वस्त राखण आहे, पण ती विकता येत नसल्यामुळे तिची जाहिरात कोणी करत नाही.

खड्याच्या वाटेत येतो तो रंग किती जाड असतो? कारखान्यातून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या कागदाहून थोडाच जास्त. या जाडीत चार थर बसवलेले असतात. सगळ्यांत खाली, पत्र्याला चिकटून, ई-कोट: पूर्ण सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्यानं बसवलेला सुमारे २० मायक्रॉनचा थर. गंजाशी खरी लढाई तोच लढतो. त्यावर ३०-३५ मायक्रॉनचा प्रायमर. त्यावर १५-२० मायक्रॉनचा बेस कोट; आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो तो एवढाच. आणि सर्वांत वर ४०-५० मायक्रॉनचा पारदर्शक क्लिअर कोट, चकाकी देणारा आणि उन्हाचा मारा झेलणारा. ई-कोट १७०-१८० अंशांच्या आसपास भाजतात, वरचे थर १४० च्या आसपास. सीट, वायरिंग, रबर काहीच बसवलेलं नसतं म्हणून एवढी धग देता येते. गॅरेजमध्ये, पूर्ण जोडलेल्या गाडीवर ती देता येत नाही, ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

खंडाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एशियन पेंट्सचा प्रचंड कारखाना २०१३ साली सुरू झाला, तोच मुळी वर्षाला ३ लाख किलोलिटरच्या क्षमतेनं. त्याच्या शेजारून जाताना गाडीचे टवके उडावेत, ही गंमतच म्हणायची. अर्थात तिथला रंग घरांच्या भिंतींसाठी. मोटारीच्या रंगाची जात वेगळी.

फिल्मच्या गोष्टीतही या भागाचं एक नाव येतं. भालचंद्र दिगंबर गरवारे, म्हणजे आबासाहेब गरवारे, १९०३ साली तासगावला जन्मले. तेव्हा तासगाव सातारा जिल्ह्यात होतं. पुढे १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचा सांगली जिल्हा झाला. आबासाहेबांनी सुरुवातीला मुंबईत जुन्या मोटारींच्या व्यापारात जम बसवला, नंतर ते प्लॅस्टिककडे वळले. त्यांच्या उद्योगातून वाढलेली गरवारे हाय-टेक फिल्म्स ही कंपनी आज छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला गाड्यांसाठीची हीच पीपीएफ तयार करते. एरवी हा माल बहुतेक परदेशातूनच येत असे. फिल्मचा मूळ उगम मात्र लष्करी. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाळू-खड्यांनी झिजू नयेत म्हणून त्यांवर पॉलियुरेथेनची पट्टी चिकटवायला सुरुवात झाली. तिथून ती शर्यतीच्या गाड्यांच्या नाकावर आली आणि मग आपल्यासारख्यांच्या.

चांगली फिल्म थर्मोप्लॅस्टिक पॉलियुरेथेनची, टीपीयूची असते. जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे खालच्या सगळ्या रंगाहून जास्त. खालच्या अंगाला दाब दिला की चिकटणारा गोंद, वरच्या अंगाला पातळ लेप. बारीक ओरखडे ऊन किंवा गरम पाण्यानं बुजतात ते या लेपामुळे. खडा आदळला की टीपीयू दबतं, धक्का आजूबाजूला पसरवतं आणि परत वर येतं. क्लिअर कोट कडक असतो, त्याला हे जमत नाही, तो फुटतो. बाजारात पीव्हीसीची स्वस्त फिल्मसुद्धा ‘पीपीएफ’ म्हणून खपवतात. तिचा एक तुकडा हातात घेऊन ताणून पाहावा. टीपीयू सोडल्यावर हळूहळू मूळ मापावर येतं, पीव्हीसी ताणलेलीच राहते. काही उन्हाळ्यांत ती पिवळी पडते, कडक होते, आणि काढायला गेलं की तुकड्या-तुकड्यांनी निघते.

आता ही दोनशे मायक्रॉनची फिल्म दोन मिलिमीटर रुंदीच्या टवक्यावर आली की काय होतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. फिल्म कोरडी लावत नाहीत. पॅनेलवर आणि गोंदावर शाम्पू घातलेलं पाणी फवारतात, म्हणजे ती सरकवून जागेवर आणता येते. मग रबरी पट्टीनं, स्क्वीजीनं, मधून कडेकडे पाणी ढकलत नेतात. सपाट जागेवर पाणी पुढे पळतं आणि मागे गोंद धरतो. टवक्याशी पट्टी पोचली की ती खड्ड्यावरून तरंगत पुढे जाते. खड्ड्यात थेंबभर पाणी आणि हवा अडकते. टवक्याचा काठ बहुधा किंचित उचललेला असतो, तिथे फिल्म तंबूसारखी ताणली जाते. उजेडात तिरकं पाहिलं तर काळ्या ठिपक्याभोवती चांदीसारखी कडी दिसते. पाणी काही आठवड्यांत फिल्ममधून वाफेच्या रूपानं निघून जातं. हवेची कडी राहते. म्हणजे नुसता टवका होता, त्याला आता चौकट मिळाली. गडद रंगाच्या गाडीवर ती हमखास डोळ्यात भरते.

पण दिसण्यापेक्षा पत्र्याचं दुखणं महत्त्वाचं. टवका पत्र्यापर्यंत पोचला असेल तर लोखंडाला पाणी आणि प्राणवायू दोन्ही मिळतात. गंज तिथल्या तिथे बसून राहत नाही. रंगाच्या खालून पसरतो, रंगाला उचलतो आणि टवक्याभोवती बारीक फुगवटे येतात. बऱ्याच गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. तो आधी स्वतः झिजतो आणि लोखंडाला थोडी सवड देतो, पण थोडीच. वर फिल्म आली म्हणजे गंजाचा श्वास कोंडला, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. पॉलियुरेथेनमधून पाण्याची वाफ थोडीफार आरपार जाते (लावतानाचं पाणी बाहेर पडतं ते त्याच गुणामुळे), आणि खड्ड्यात आधीच ओल, माती, गुहागर-हर्णैच्या सहलीतलं मीठ बसलेलं असेल तर गंजाचं काम चालूच राहतं. फरक एवढाच, की आता तिथे आपला हात पोचत नाही.

म्हणून गाडी फिल्मवाल्याकडे नेण्याआधी एक सकाळ टवक्यांना द्यावी. गाडी स्वच्छ धुवायची, सावलीत आणायची, बॅटरीचा उजेड तिरका टाकायचा आणि नख फिरवत जायचं. नख अडकत नसेल, नुसता पांढुरका ओरखडा असेल, तर दुखापत क्लिअर कोटपुरती आहे. तिथे काहीच करू नका. फिल्मचा गोंद ती भरून काढतो आणि खूण जवळजवळ नाहीशी होते. नख अडकतं आणि तळाशी राखाडी दिसतं, तर प्रायमर किंवा ई-कोट शाबूत आहे. तो टवका भरायला हवा, पण घाबरण्यासारखं काही नाही. तळाशी चकाकतं किंवा तांबूस दिसतं, तर पत्रा उघडा पडला आहे. हे टवके आधी हातात घ्यायचे. बंपरवरच्या टवक्यात काळं दिसलं तर ते बहुधा प्लॅस्टिक. त्याला गंज नाही, म्हणून तिथे प्रश्न फक्त दिसण्याचा.

भरण्याचं काम हळू हाताचं आहे आणि घरी जमण्यासारखं आहे. गाडीचा रंग नुसत्या नावानं मागायचा नाही. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली पट्टीवर रंगाचा कोड छापलेला असतो, तो सांगायचा. पत्रा उघडा असेल तर पाणी पेपरचा कोपरा दुमडून, खड्ड्यापुरतंच घासून तांबूसपणा पूर्ण काढायचा. आजूबाजूचा सैल रंग, उचललेली खपली आत्ताच निघाली तर बरी. ती फिल्मखाली ठेवून उपयोग नाही. खड्ड्यात जुनं पॉलिश वाळून पांढरं झालेलं असतं, तेही काढायचं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून मेण-तेल घालवायचं. पत्र्यावर आधी प्रायमरचा ठिपका. तो सुकला की रंग. बाटलीच्या झाकणाला जो ब्रश येतो तो या कामाला फार जाडा. टूथपिकचं टोक रंगात बुडवून खड्ड्याच्या मधोमध टेकवलं की रंग आपोआप काठापर्यंत पसरतो. ठिपका ओला असताना भरल्यासारखा दिसतो, पण थिनर उडून गेला की खाली बसतो. म्हणून तीन-चार वेळा, मध्ये पुरेसा वेळ देत, थर चढवावे लागतात. शेवटी क्लिअर.

नेहमीच्या टचअपमध्ये लोक इथेच थांबतात, आणि फिल्म लावायची नसेल तर थांबायला हरकतही नाही. फिल्मखाली मात्र पृष्ठभागाच्या वर आलेला ठिपका हा खड्ड्याइतकाच वाईट. फिल्म त्याच्यावर टेकते आणि भोवती हवेची कडी धरते. म्हणून रंग पूर्ण कडक झाल्यावर, रबराच्या छोट्या ठोकळ्यावर २००० नंबरचा पाणी पेपर गुंडाळून, भरपूर पाणी घेऊन ठिपक्याचं डोकं उतरवायचं. मग २५०० किंवा ३००० चा पेपर, मग कंपाउंड. ठोकळा ठिपक्यापेक्षा थोडासाच मोठा हवा. भोवतालचा क्लिअर कोट चाळीस-पन्नास मायक्रॉनचाच आहे, तो उगाच खाऊन टाकायचा नाही. साध्या पांढऱ्या गाडीवर ठिपका सापडेनासा होतो. मेटॅलिक चंदेरी किंवा राखाडी रंगात तो थोडा उठून दिसणारच, कारण फवाऱ्यात अॅल्युमिनियमच्या कपच्या जशा आडव्या बसतात तशा काडीनं बसत नाहीत. हाताभरावरून दिसला नाही तर पुरे.

टवके मोजण्यापलीकडे गेले असतील, बॉनेटची पुढची कड भाजून निघाल्यासारखी झाली असेल, तर पेंटर सांगणार, पूर्ण बॉनेट मारून घ्या. अशा वेळी घाई करू नये, असं माझं मत आहे. कारखान्यातला रंग १४० अंशांत भाजलेला असतो, गॅरेजमधला फार तर ६०-७० अंशांच्या बूथमध्ये, आणि बूथ नसेल तर नुसता उन्हावर. त्याची पत्र्याशी पकड तयारीवर अवलंबून असते: घासणी किती झाली, लांबी (पुट्टी) कुठे भरली, मध्ये तेलकट हात लागला का. हे वरून दिसत नाही. पाच-सात वर्षांनी फिल्म काढायची वेळ येते तेव्हा दिसतं. फिल्मचा गोंद रंगाला धरून असतो. रंगाची खालची पकड त्याहून कमी पडली तर फिल्मबरोबर रंगाचा पापुद्रा निघून येतो. मूळ रंगात भरलेला एखादा ठिपका फिल्मला चिकटून आला तर तो परत भरता येतो. अख्ख्या बॉनेटचा रंग आला तर बॉनेटच परत मारावं लागतं. म्हणूनच फिल्म कंपन्यांच्या हमीपत्रांत पुन्हा रंगवलेल्या भागाचा रंग निघाल्यास जबाबदारी साधारणपणे घेतलेली नसते. तेव्हा दहा-पंधरा टवके असलेलं मूळ रंगाचं बॉनेट, टवके भरून, नव्यानं मारलेल्या बॉनेटपेक्षा फिल्मसाठी जास्त भरवशाचं. बंपरचं तसं नाही. तो एरवीही पार्किंगमध्ये घासून एकदा तरी मारला जातोच, आणि खाली प्लॅस्टिक असल्यानं गंजाची भीती नाही.

मारलंच तर थांबायला हवं. ताज्या रंगातून थिनर कित्येक दिवस बाहेर पडत असतो. वर फिल्म आली तर तो गोंदात अडकतो, बुडबुडे येतात, रंग मऊ राहतो. किमान एक महिना द्यावा. बूथशिवाय सुकलेल्या रंगाला दोन दिले तर आणखी बरं. या काळात सिरॅमिक कोटिंग करून घ्यायचा मोह टाळायचा. सिरॅमिकवर फिल्मचा गोंद धड बसत नाही. करायचंच तर आधी फिल्म आणि वर सिरॅमिक, हा क्रम.

गाडी जुनी घेतलेली असेल तर पूर्वी काय झालं आहे हे आपल्याला माहीत नसतं. जाडी मोजणारं यंत्र फिल्मवाल्याकडे असतं. ते लावून पाहायला सांगावं. शंभर-सव्वाशे मायक्रॉन आलं तर मूळ रंग, दोनशेच्या वर गेलं तर पुन्हा मारलेला, आणि आकडा हजाराकडे गेला तर खाली लांबी आहे. प्लॅस्टिकच्या बंपरवर हे नेहमीचं यंत्र चालत नाही. तिथे रबराच्या कडेवर उडालेला रंगाचा फवारा शोधायचा.

लावण्याच्या दिवशी एक गोष्ट विचारून घ्यावी: फिल्म संगणकाच्या साच्यावर कापून आणणार, की गाडीवर ठेवून ब्लेडनं? कुशल हात गाडीवरही अलगद कापतो, पण ब्लेड जरा खोल गेलं की क्लिअर कोटवर सरळ रेघ उमटते, आणि ती फिल्म निघाल्यावरच दिसते. टवके भरून गाडी नेली आणि ब्लेडची रेघ घेऊन आलो, असं होऊ नये. फिल्मची कड टवक्यावरून जाणार असेल तर ती थोडी सरकवायला सांगायचं. कडेखाली पोकळी राहिली की धूळ आणि पाणी तिथूनच शिरतात. भरलेले टवके कारागिराला आधीच दाखवावेत, म्हणजे तो तिथे पट्टी जोरात न दाबता फिल्म जरा गरम करून बसवेल.

पूर्ण गाडीला फिल्म लावायचा खर्च गाडीच्या आकारानुसार आणि मालानुसार साधारण ६० हजारांपासून दीड-दोन लाखांपर्यंत जातो. खडे खाणारी गाडी पुढून खाते. बॉनेट, पुढचा बंपर, दोन फेंडर, आरसे आणि मागच्या चाकांच्या पुढची पट्टी एवढ्यावर महामार्गाचा बहुतेक मारा येतो. आठवड्यातून एकदा सातारा-पुणे करणाऱ्या तीन-चार वर्षांच्या गाडीला एवढी फिल्म पुष्कळ झाली. छताला आणि डिकीला ती लावणं ही हौस आहे, आणि हौसेला मोल नसतं. गाडी दहा वर्षांची असेल, कडांना गंजाचे फुगवटे आले असतील, तर फिल्मचा विचारच सोडावा. तेवढ्या पैशात पत्र्याचं काम करून घ्यावं आणि खडे लागू द्यावेत.

कागदपत्रांचं थोडक्यात. पारदर्शक फिल्मनं गाडीचा रंग बदलत नाही. मॅट काळी किंवा दुसऱ्या रंगाची फिल्म लावून एमएच-११ ची पांढरी गाडी काळी केली तर मात्र आरसी बुकातला रंग आणि रस्त्यावरचा रंग जुळत नाही, त्यासाठी आरटीओत नोंद करावी लागते. विम्यातही फिल्म आपोआप धरली जात नाही; नूतनीकरणाच्या वेळी बिल दाखवून ती नोंदवता येते का, हे एजंटला विचारावं. बिल जपून ठेवावं आणि त्यावर फिल्मचा रोल नंबर लिहून घ्यावा. हमी त्या नंबरावर मिळते.

लावल्यावर पहिला आठवडा गाडी धुवायची नाही. धुक्यासारखे पांढुरके डाग दिसतील, ते पाण्याचे आहेत, उन्हानं जातील. त्यानंतर सर्व्हिसिंगला प्रेशर वॉशरचा फवारा फिल्मच्या कडेवर सरळ मारू नका, असं सांगून ठेवायचं. आणि महिन्या-दोन महिन्यांनी, भरलेल्या पत्र्याच्या टवक्यांवर एकदा बॅटरी तिरकी धरून पाहायचं. ठिपक्याभोवती तांबूस छटा दिसली, तर तेवढ्या पॅनेलची फिल्म गरम करून काढून घ्यावी आणि तो टवका पुन्हा पत्र्यापासून करावा. गंज पसरू दिला तर हेच काम अख्ख्या पॅनेलचं होतं.